वर्तकबाईंचा नजीकचा भविष्यकाळ

डॉक्टर पगार त्या दिवशी वर्गात आले ते मिशीशिवाय.

आधी कोणी ओळखलंच नाही. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आमचा फ्रेंचचा वर्ग भरायचा, सोमवारी आणि गुरुवारी, दुपारी साडेचारला. दाराशी एक अनोळखी गृहस्थ वाकून चपला काढत होते. पिशवी पगारांची, चष्मा पगारांचा, पण नाकाखाली सगळा उजेड. शेजारी बसलेली माझी सून केतकी हळूच म्हणाली, "अहो आई, हे तर डॉक्टर." त्यावर मला जे हसू फुटलं ते पदर तोंडात कोंबूनही आवरेना. तेव्हा मी सत्तावन्न वर्षांची होते, हे आधीच सांगून टाकते.

वर्तकबाई हसल्या नाहीत. त्यांनी डॉक्टरांचा चेहरा नाकापासून हनुवटीपर्यंत निरखला आणि हजेरीच्या वहीत बरोबरची खूण केली.

"पुरावा मान्य," त्या म्हणाल्या. "बसा."

"बाई, चाळीस वर्षांची मिशी होती," डॉक्टर बाकावर टेकत म्हणाले. "सकाळी गोठ्यात गेलो तर गायी बिचकू राहिल्या."

"मग गुरुवारी असं वाक्य म्हणालात कशाला?"

"तेवढं एकच क्रियापद पाठ होतं, बाई."

आता हा पुराव्याचा प्रकार काय, ते सांगायला हवं. वर्तकबाईंची उमेदीची वर्षं पाँडिचेरीला शिकवण्यात गेली होती आणि निवृत्तीनंतर त्या नाशिकला येऊन राहिल्या होत्या. सहासष्ट वर्षांच्या, काठीसारख्या ताठ. आठव्या धड्यात त्यांनी आम्हाला नजीकचा भविष्यकाळ शिकवला. फळ्यावर 'जाणे' या क्रियापदाची रूपं लिहिली. ज् व्हे, त्यु व्हा, इल् व्हा. मी जातो, तू जातोस, तो जातो. त्याच्यापुढे दुसरं कुठलंही क्रियापद मूळ रूपात ठेवायचं, की झाला भविष्यकाळ. ज् व्हे मांजे, म्हणजे मी जेवणार आहे. शब्दशः बघितलं तर, मी जेवायला जातो.

"लक्षात घ्या," बाई म्हणाल्या, "हा 'कधीतरी करीन बुवा'वाला भविष्यकाळ नाही. तो वेगळा आहे, तो पुढच्या वर्षी. इथं माणूस निघालेला आहे. एक पाय उचललेला आहे. म्हणून माझ्या वर्गात जो हे वाक्य म्हणेल त्यानं पुढच्या तासापर्यंत ते करून यायचं."

हॉटेल मॅनेजमेंटच्या दोन मुली मागच्या बाकावर बसायच्या. त्यातल्या एकीनं विचारलं, "आणि केलं हे सांगायचं कसं?"

"सांगता येणारच नाही. भूतकाळ बाराव्या धड्यात आहे. म्हणून पुरावा आणायचा."

असा तो नियम. त्या पोरींपैकी एक म्हणाली, मी केस कापणार आहे, आणि सोमवारी मानेपर्यंतचे केस घेऊन आली. डॉक्टर म्हणाले, मी सायकलवरून गंगापूर धरणावर जाणार आहे, आणि बरणीभर पाणी घेऊन आले. पुढच्या वेळी म्हणाले, मी स्वयंपाक करणार आहे. तो पुरावा खालून करपलेला होता, पण बाईंनी तो चमचाभर खाऊन मग खूण केली. फ्रेंचच्या एक म्हाताऱ्या बाई, सुनेच्या सोबतीला आलेली सासू आणि कळवणकडचे गुरांचे डॉक्टर, असा सगळा मामला, पण सोमवार-गुरुवार कधी येतो असं आम्हाला होऊन जायचं.

मी तिथं पोचले ती केतकीमुळे. तिला कंपनीत बढतीसाठी फ्रेंचचं प्रमाणपत्र हवं होतं. माझा मुलगा हर्षद म्हणाला, आई, तू घरात नुसती बसून असतेस, जा तिच्याबरोबर स्कूटरवर, तेवढाच बदल. पहिले दोन तास मी बाहेर बाकड्यावर बसले. तिसऱ्या तासाला बाई दारात येऊन म्हणाल्या, "तुम्ही बाहेरून ओठ हलवताय ते मला दिसतंय. आत या."

डॉक्टर आले ते नातवापायी. त्यांची लेक फ्रान्सात लिओनला दिलेली, तिथंच तिचा संसार. पाच वर्षांचा नातू फोनवर फ्रेंचशिवाय अक्षर बोलायचा नाही. "मी हॅलो हॅलो करतो अन् ते पोरगं तिकडून काय बोलू राहिलं, काही कळंना. बैलाच्या मनातलं कळतं मला, नातवाच्या मनातलं नाही कळत," असं ते पहिल्या दिवशी म्हणाले होते. बायको जाऊन आठ वर्षं झाली होती, हे मला केतकीकडून कळलं. ते स्वतः कधी बोलले नाहीत.

माझी वाक्यं सगळी भित्री होती. मी चहा पिणार आहे. पुरावा म्हणून थर्मास नेला. मी मंदिरात जाणार आहे. प्रसाद नेला. मी कोथिंबीर आणणार आहे. ही जुडी बघितल्यावर बाईंनी पेन खाली ठेवलं.

"मादाम दांडेकर, हा तुमचा भविष्यकाळ आहे की रोजचं वेळापत्रक?"

"बाई, माझं आयुष्यच तसं आहे."

"मी आयुष्याबद्दल विचारलं नाही, वाक्याबद्दल विचारलं. जे होईल की नाही याची तुम्हाला खात्री नाही असं वाक्य आणा."

आणि सरावासाठी त्यांनी माझी जोडी डॉक्टरांशी लावून दिली. का, ते बाईंनाच ठाऊक. केतकीचा वर्गानंतर पलीकडच्या गल्लीत तासभर कॉम्प्युटरचा क्लास असायचा. तेवढा वेळ मी आणि डॉक्टर कोपऱ्यावरच्या रसवंतीत बसायचो. नियम एकच, रसवंतीत मराठी बोलायचं नाही. दोघांचे मिळून जेमतेम दोनशे शब्द.

"व्हू झाले बुआर?" ते विचारायचे. म्हणजे, तुम्ही पिणार आहात?

"वी, ज् व्हे बुआर," मी सांगायचे. हो, मी पिणार आहे.

मग आम्ही प्यायचो. मग ते विचारायचे, तुम्ही उद्या काय करणार आहात? मी सांगायचे, उद्या मी नाचणार आहे. कारण नाचणे हे क्रियापद नवीन होतं. मग ते गंभीर चेहरा करून म्हणायचे, मी पण नाचणार आहे, माझी गाय पण नाचणार आहे. रसवाला आमच्याकडे बघून मान हलवायचा. आल्याचा रस नाकात जाईपर्यंत मी हसायचे. घरी परतताना स्कूटरवर एकटीच खुदुखुदु हसले की केतकी आरशातून माझ्याकडे बघायची.

तिथला एक बदल माझ्या उशिरा लक्षात आला. डॉक्टर वर्गातल्या सगळ्या बायकांना ताई म्हणायचे. त्या केस कापलेल्या पोरीलासुद्धा ताई. मलाही सुरुवातीला ताईच. मग कधीतरी सप्टेंबरात ते 'ताई' गळून पडलं आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही. नुसतंच "अहो, ऐका ना." मी हे घरी येऊन आठवत बसले, आणि आमटीत दोनदा मीठ पडलं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. रसाचा पेला तसाच समोर ठेवून डॉक्टर म्हणाले, "ज् व्हे पार्तिर." मी निघणार आहे. मग नियम मोडून मराठीत म्हणाले, "दोन डिसेंबरचं तिकीट आलं. तीन महिने."

"छान," मी म्हणाले, आणि मला अजिबात छान वाटलं नाही.

त्यांनी खिशातून ते बारकं डिक्शनरीचं पुस्तक काढलं, एक पान उघडलं आणि एका शब्दावर बोट ठेवून माझ्याकडे सरकवलं. मी चष्मा लावून वाचलं. लग्न करणे.

खरं सांगते, मला आधी हसू आलं आणि मग मी चष्मा पुसून तो शब्द पुन्हा वाचला.

"पूर्ण वाक्य म्हणा की," मी म्हणाले.

"मी नाही म्हणायचो. मी म्हटलं तर बाई पुरावा मागतील, अन् तो माझ्या एकट्याच्या हातात नाही. तुम्ही म्हणा. गुरुवारी, वर्गात. नाही म्हटलं तरी मी काही मनाला लावून घेणार नाही. रस आपण पिऊच."

"वर्गात माझी सून असते."

"म्हणून तर म्हणतो. चोरून करायचं हे वय नाही आपलं."

"त्यापेक्षा मिशी काढणं सोपं होतं," मी म्हणाले. ते इतके मोठ्यानं हसले की रसवाल्यानं चरक थांबवला.

मला लोकांची भीती नव्हती. लोक चार दिवस बोलतात आणि मग त्यांना दुसरा विषय मिळतो. केतकीचीही नव्हती. भीती एकट्या हर्षदची होती. बापाच्या आजारपणात तीन वर्षं त्यानं नोकरी सांभाळून रात्रंदिवस केलं होतं. दिवाणखान्यातल्या फोटोला तो रोज स्वतः हार घालायचा, मला घालू द्यायचा नाही. त्यानं जर तोंड फिरवलं असतं तर मी डॉक्टरांना नको म्हणाले असते. हे मला तेव्हाच पक्कं ठाऊक होतं आणि म्हणूनच तीन रात्री डोळा लागला नाही.

गुरुवारी मी फ्लॉवरचं वाक्य पाठ करून गेले. मी फ्लॉवर विकत घेणार आहे. अगदी उच्चारासकट. डॉक्टर पलीकडच्या बाकावर वहीत बघत बसले होते. बाई म्हणाल्या, "मादाम दांडेकर." मी उभी राहिले, फ्लॉवर म्हणायला तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते असं:

"नू आलाँ नू मारिए."

आम्ही लग्न करणार आहोत.

केतकीचं पेन वहीवर थांबलं. डॉक्टरांनी मान वर केली नाही, पण त्यांचे कान लालभडक झालेले मला दिसले.

"'नू' म्हणजे कोण?" बाईंनी विचारलं.

"मी आणि डॉक्टर."

"दोन शब्द जोडून म्हणायचे. नूझालाँ. मधला 'झ' मला ऐकू आला नाही. पुन्हा."

मी पुन्हा म्हणाले. बाई म्हणाल्या, आणखी एकदा. मी आणखी एकदा म्हणाले. चौथ्या वेळेला मला त्या वाक्याची लाजच वाटेनाशी झाली. मग बाई फळ्याकडे वळून म्हणाल्या, "सगळ्यांनी सर्वनाम बदलून. केतकी, 'ती'."

केतकी उभी राहिली. माझ्याकडे बघितलं नाही तिनं.

"एल् व्हा स् मारिए," ती म्हणाली.

"अर्थ?"

"त्या लग्न करणार आहेत."

"कोण त्या?"

"माझ्या सासूबाई," केतकी म्हणाली आणि खाली बसली. मागच्या बाकावरच्या दोन्ही पोरींनी टाळ्या वाजवल्या, आणि बाईंनी डोळे वटारल्यावर थांबल्या.

"पुरावा सोमवारी," बाई म्हणाल्या.

डॉक्टर उठले. "बाई, सोमवारी जमायचं नाही. विवाह नोंदणीच्या ऑफिसात तीस दिवसांची नोटीस लागते. मी विचारून आलो."

"तुम्ही आधीच विचारून आलात?" मी भर वर्गात विचारलं.

"आता, चौकशी करायला काय जातंय?"

बाईंनी बोटांवर मोजलं. "तीस दिवस म्हणजे नजीकचाच आहे. चालेल. पण सोमवारी पाय उचलल्याचा पुरावा पाहिजे. घरी सांगितलं, आणि घरच्यांनी ऐकलं, याचा."

त्या दिवशी केतकीनं कॉम्प्युटरचा क्लास बुडवून थेट स्कूटर काढली. दोन चौक गेले. तिसऱ्याच्या अलीकडे तिनं एका झाडाखाली स्कूटर थांबवली आणि हँडलवर डोकं टेकलं. तिचे खांदे हलत होते. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तर ती हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

"आई, माझ्याकडून पाठ करून घेतलं हो बाईंनी. वर अर्थ विचारला."

"तुला राग नाही आला?"

"पहिलं मिनिटभर आला. मग तुम्हाला चार वेळा म्हणायला लावलं ना, तेव्हा गेला." तिनं ओढणीनं डोळे पुसले. "हर्षदला मी सांगू का?"

"नको. वाक्य माझं आहे," मी म्हणाले.

हर्षद घरी जेवणाच्या टेबलावर मिक्सर खोलून बसला होता. मी समोरची खुर्ची ओढली आणि सांगून टाकलं. आढेवेढे घेतले असते तर जमलंच नसतं.

"कोण पगार?" त्यानं विचारलं.

"डॉक्टर आहेत. गुरांचे."

"गुरांचे?" तो म्हणाला. जणू माणसांचे असते तर पेढेच वाटले असते. मग एक स्क्रू उचलून, "पगार म्हणजे..."

"म्हणजे कळवणचे," मी म्हणाले. तो मुद्दा तिथंच संपवला.

त्यानं स्क्रू हातात फिरवला. नजर फोटोकडे गेली. "बाबांना विसरलीस?"

याचीच मला भीती होती, आणि प्रश्न आल्यावर मला आश्चर्य वाटलं, कारण उत्तर तयार होतं. "नाही रे," मी म्हणाले. "विसरू देतंय कोण? बाबा गेल्यापासून मला जो भेटतो तो तिथूनच सुरुवात करतो. किती दिवस हॉस्पिटलात होते, शेवटी काय झालं, फार सोसलंत हो. मी सहा वर्षं तेच सांगतेय. त्या वर्गात आम्हाला भूतकाळ अजून शिकवलेलाच नाही. तिथं मला काय झालं होतं हे कोणालाही विचारता येत नाही, मलाही सांगता येत नाही. सगळे एवढंच विचारतात, तुम्ही काय करणार आहात. हर्षद, मला हे शेवटचं कोणी विचारलं होतं, सांग बरं."

त्यानं मिक्सर जोडला, चालवून बघितला, आणि आत निघून गेला.

शुक्रवारी तो माझ्याशी बोलला नाही. शनिवारीही नाही. फोटोला हार मात्र घातला. रविवारी सकाळी माळ्यावर चढून ट्रंका ओढत बसला. दिवाळीची साफसफाई म्हणावी तर कोणाला मदतीला हाक नाही, धूळ सगळ्या घरभर. केतकीनं चहा वर दिला तो तसाच गार झाला. संध्याकाळपर्यंत मी मनाशी ठरवून टाकलं. सोमवारी वर्गात उभं राहायचं आणि सांगायचं, पुरावा नाही. रस आपण पिऊच, असं डॉक्टर म्हणालेच होते. उशीत तोंड खुपसून मी रडले, आणि सत्तावन्नाव्या वर्षी प्रेमभंग झाल्यासारखं रडताना माझं मलाच हसू आलं, तरी रडणं काही थांबलं नाही.

सोमवारी वर्गात उकाडा मी म्हणत होता. ऑक्टोबरचं ऊन थेट बाकांवर. बाईंनी हजेरी घेतली, वही उघडी ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. मी उभी राहिले. डॉक्टरांकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता.

"बाई, माझ्याकडे..." मी सुरुवात केली.

जिन्यावर बुटांचा आवाज झाला. दारात हर्षद. ऑफिसच्या कपड्यांत, घामेघूम, हातावर जुन्या धोतरात गुंडाळलेलं मोठं बोचकं. केतकी अर्धवट उठली आणि परत बसली. तिलाही माहीत नव्हतं.

"आपण?" बाईंनी विचारलं.

"मी हर्षद दांडेकर. डॉक्टर पगार कोण?"

डॉक्टर उठले.

हर्षदनं बोचकं बाकावर ठेवून सोडलं. डांबराच्या गोळ्यांचा वास वर्गभर पसरला. राखाडी लोकरीचा ओव्हरकोट होता तो. आम्ही काश्मीरला गेलो होतो तेव्हा ह्यांनी मेन रोडच्या शिंप्याकडून शिवून घेतलेला. नंतर पुन्हा कधी तशी थंडी त्यांच्या वाट्याला आली नाही. तो कोट आहे हेच मी विसरून गेले होते.

"बाबांचा आहे," हर्षद डॉक्टरांना म्हणाला. "तिकडे डिसेंबरात फार थंडी असते म्हणे. आईनं तुम्हाला सांगितलं नसेल, तिला थंडीचं काही कळत नाही."

डॉक्टरांनी कोट दोन्ही हातांनी घेतला. "मला बसंल का?"

"घालून बघा."

त्यांनी घातला. खांद्यात बरोबर बसला, बाह्या मात्र चार बोटं आखूड. हर्षदनं पुढे होऊन बाह्या खाली ओढून बघितल्या, कॉलर नीट केली, मागे सरून पुन्हा बघितलं. "उसवून वाढवता येतील," तो म्हणाला. "आत कापड आहे." मग माझ्याकडे न बघता तो केतकीच्या शेजारी, माझ्या जागेवर, बसला.

बाईंनी वहीत काय लिहिलं ते मला दिसलं नाही, माझा चष्मा धुरकटला होता. त्या फळ्याकडे वळल्या आणि अकरावा धडा काढायला सांगितला. डॉक्टरांच्या कपाळावरून घाम ओघळून कॉलरमध्ये जात होता. केतकीनं दोनदा खूण केली, काढा म्हणून. मीही केली. तास संपेपर्यंत त्यांनी तो कोट काढला नाही.